शून्यावरचा कागद

बोलतोय तो वजनकाटा. उंच इमारतींच्या काचा धुणाऱ्या एका कंपनीत, कपडे बदलायच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून उभा असतो. मध्यंतरी माझ्याबद्दल एक लेखी जबाब दिला गेला : 'काटा जुना झाला होता, आपोआप बिघडला.'

आपोआप! आजवर मी कुणालाही उलट उत्तर दिलेलं नाही. आज देणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. जाड चष्म्याच्या फिटरबाईंनी माझ्या फळीवर एकेक पितळी वजन ठेवून मला बोलायला शिकवलं. माझ्या पाठीला एक झाकण आहे, त्याखाली एक बारीक स्क्रू. माझं शून्य त्या स्क्रूवर ठरतं. बाईंनी तो केसभर फिरवला, काटा शून्यावर आणला आणि शेजारणीला म्हणाल्या, "कुणी बोटं घातली नाहीत, तर हा शेवटपर्यंत खरं सांगेल."

आधी काही वर्षं मी एका व्यायामशाळेत होतो. तिथे माणसं ओळखायला शिकलो. लोक माझ्यावर चढण्याआधी बूट काढतात, घड्याळ काढतात, खिशातला रुमालसुद्धा काढतात. पोट आत ओढून धरतात, जसं काही मला डोळे आहेत. आकडा कमी दिसला तर स्वतःची पाठ थोपटतात. जास्त दिसला तर म्हणतात, काटा बिघडलाय. पुढे व्यायामशाळेने नवा चकचकीत काटा आणला आणि मी काचा धुणाऱ्यांकडे आलो.

इथे मात्र आकड्याचा खेळ नव्हता. दोरीवर माणसाला धरून ठेवणारी लोखंडी पकड शंभर किलोंसाठी बनवलेली असते. बादली, पाणी, अवजारं आणि अंगावरचे पट्टे मिळून पंधरा किलो. उरले पंच्याऐंशी. त्याहून जड माणसाने दोरीवर जायचं नाही. दर सोमवारी सकाळी सगळे माझ्यावर उभे राहत. मुकादम वहीत आकडे लिही आणि खाली एक ओळ टाकी : 'काटा तपासला, शून्य बरोबर.' मग सही.

दोरीवरचे गडी चार. त्यातल्या एकाला सगळे 'पाल' म्हणत, कारण तो भिंतीला चिकटला की निघता निघत नसे. वय चाळिशीकडे झुकलेलं, वजन चौऱ्याऐंशी. जमिनीवर त्याचा जीव रमायचा नाही. "वर गेलो की डोकं शांत होतं," असं तो बूट बांधताना म्हणायचा. दोरी सुटली तर माझं काय उरेल, ही एकच भीती त्याला होती, आणि ती पडण्याची नव्हती.

त्याच्या ताईने पिझ्झाचं दुकान काढायचं ठरवलं. जागा छोटी, भट्टी एकच. गावोगावचे पाच प्रकार करून बघायचे आणि त्यातला एकच विकायचा, असा तिचा बेत. लहानपणापासून घरात मीठ चाखायला पालच पुढे, त्यामुळे परीक्षक तोच. दर रविवारी एक प्रकार. उरलेले तुकडे सोमवारी खोक्यातून आमच्या खोलीत यायचे.

त्याची तुलना करायची रीत न्यारी होती. चव बघायचीच, पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, पट्टे कसून दहाव्या मजल्यावर लटकल्यावर.

पहिल्या रविवारी नेपल्सचा. "कडा फुगलेली, डाग पडलेले, मध्ये ओला. पटकन खावा लागतो," तो सांगू लागला. "पण वर गेल्यावर पोटात काही आहे असं वाटतच नाही."

"मग खाल्लास कशाला?" आजोबा म्हणाले. आजोबा म्हणजे चौघांत वयाने मोठे, पन्नाशीचे, अंगाने काडी.

त्या सोमवारी मी दाखवले साडेचौऱ्याऐंशी.

दुसऱ्या रविवारी शिकागोचा. तो पिझ्झा नव्हे, विहीर. चार बोटं उंच कड, आत चीज, त्यावर टोमॅटोचा रस. पालने दोन तुकडे खाल्ले आणि ताईने आग्रह केला म्हणून तिसरा. सोमवारी माझा काटा शहाऐंशीवर थांबला.

आजोबा आकड्याकडे बघून म्हणाले, "पाल कसली, घोरपड झालीय."

सगळे हसले. मुकादम हसला नाही. नव्या इमारतीच्या चारही बाजूंच्या काचा उद्घाटनाआधी धुऊन द्यायच्या होत्या आणि चार बाजूंना चारच माणसं होती. "आठवडाभर खाली राहा," तो पालला म्हणाला. "पुढच्या सोमवारी बघू."

तो आठवडा मी विसरणार नाही. पाल रोज दोन वेळा चौदा मजल्यांचे जिने चढला. रविवारी ताईकडे गेलाच नाही. घामाने निथळत खोलीत यायचा, माझ्याकडे बघायचा, पण चढायचा नाही. घाबरायचा.

शनिवारी सगळे निघून गेल्यावर मुकादम परत आला. हातात स्क्रूड्रायव्हर. त्याने मला भिंतीपासून ओढलं, झाकण उघडलं आणि माझा स्क्रू फिरवला. केसभर नाही, चार किलो फिरवला. फळी रिकामी असूनही माझा काटा शून्याच्या मागे जाऊन बसला. ते कुणालाही दिसलं असतं. म्हणून त्याने खिशातून एक चिकटकागद काढला आणि माझ्या काचेवर नेमका शून्याच्या जागी दाबून बसवला. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'सुरक्षितता सर्वप्रथम.'

मला तोंड असतं, तर तेव्हा खोली डोक्यावर घेतली असती.

सोमवारी पाल चढला, डोळे मिटून. मी दाखवले एक्क्याऐंशी.

"अरे देवा! पाच उतरले!"

"जिने, बाबा, जिने," मुकादम म्हणाला आणि वहीत लिहिलं : 'काटा तपासला, शून्य बरोबर.'

आता खरी गोष्ट ऐका. त्या सकाळी तो खरोखरच पंच्याऐंशीवर आला होता. मेहनतीने, स्वतःच्या घामाने. नियमाप्रमाणे दोरीवर जायला तो मोकळा होता. माझं शून्य हलवायची गरजच नव्हती. मुकादमाला फक्त दोन दिवस दम धरायचा होता.

पुढे झालं ते त्या खोट्या आकड्याने झालं. हातात चार किलोंची मोकळीक आली म्हटल्यावर जिने सुटले. न्यूयॉर्कचा आला : पातळ, रुंद, दुमडून चालता चालता खायचा. "हा तर माझ्यासाठीच बनवलाय, एका हातात दोरी, एका हातात हा," म्हणत त्याने चार तुकडे संपवले. मी दाखवले ब्याऐंशी. रोमचा आला : लांबट, हलका, कात्रीने कापून वजनावर विकतात तो. मला तो सर्वांत पटला, कारण तिथे काट्याला मान आहे. मी दाखवले त्र्याऐंशी. शेवटी डेट्रॉईटचा : चौकोनी, लोखंडी साच्यातला, कडेला चीज जळून कुरकुरीत झालेलं. त्यावर तो जीव टाकू लागला. मी दाखवले चौऱ्याऐंशी. खरे होते अठ्ठ्याऐंशी.

"ताई, डोळे मिटून डेट्रॉईटच घे," तो फोनवर सांगत होता. "इतकं चीज, पण अंगाला लागत नाही. वजन बघ ना माझं!"

ताईने साचे मागवले.

त्याला काहीच कळलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. रोमच्या आठवड्यात तो मुकादमाला म्हणाला होता, "कमरेचा पट्टा एक भोक पुढे गेलाय. काटा बरोबर आहे ना?"

"पट्टा चामड्याचा, उन्हात आखडतो. तू काटा बघ, काटा."

पालने काटा बघितला. आकडा गोड होता, म्हणून पुढे विचारलं नाही.

डेट्रॉईटनंतरच्या बुधवारी दुपारी तो खोलीत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. नवव्या मजल्यावर पकड हातभर घसरली होती. हातभरच. मग पुन्हा धरली. तो बाकावर बसला आणि अंगावरचे पट्टे सोडू लागला.

"दोरी ओली असेल," मुकादम दारातून म्हणाला.

"कोरडी होती," आजोबा म्हणाले. "मी शेजारच्याच दोरीवर होतो."

दुसऱ्या दिवशी पाल सकाळी ताईसाठी मैद्याचं पोतं घेऊन आला. संध्याकाळी दुकानात न्यायचं म्हणून खोलीच्या कोपऱ्यात टेकवलं. शिवलेल्या तोंडावर छापलं होतं, पंचवीस किलो. आजोबांना खोलीतली मरगळ सोसेना. "याचंही वजन घेऊ," म्हणत त्यांनी पोतं माझ्यावर ठेवलं. "बघू, हा तरी डाएटवर आहे का."

मी दाखवले एकवीस.

आजोबांनी पोतं उचलून पुन्हा ठेवलं. एकवीस. त्यांनी पोत्याची शिवण तपासली. धागा साबूत होता. मग त्यांनी पोतं खाली उतरवलं, माझ्याजवळ वाकले आणि नखाने तो चिकटकागद सोलायला लागले. सावकाश, एका कोपऱ्यातून. कागद निघाला. रिकाम्या फळीवर माझा काटा शून्याच्या चार घरं मागे उभा होता, आणि आता तो सगळ्यांना दिसत होता.

"अठ्ठ्याऐंशी," पाल हळूच म्हणाला. हिशेब त्यानेच केला. "मी अठ्ठ्याऐंशी किलो घेऊन लटकत होतो."

त्याने आधी ताईला फोन लावला. डेट्रॉईट अंगाला लागतो, मी चुकीचं सांगितलं, साचे परत पाठव, असं काहीबाही एका दमात बोलला. ताईचा आवाज मला इथवर ऐकू आला : "मी काय वजन उतरवायचं दुकान काढतेय? तोंडाला कुठला आवडला ते सांग! आणि आधी त्या भिंतीवरून खाली उतर, मेल्या."

कामगार सुरक्षेच्या तपासनीस बाई पंधरा दिवसांनी आल्या. चौकशी याच खोलीत झाली, मी मध्ये, भोवती खुर्च्या. मुकादमाने तो जबाब वाचून दाखवला. काटा जुना, स्क्रू हादऱ्यांनी ढिला झाला, आपोआप. कागद मुख्य कचेरीतून आला होता, पाल खाली होता त्याच आठवड्यात जिथे जागा दिसली तिथे लावला. आपली काहीही चूक नाही.

बाईंनी पालकडे वळून विचारलं, "तुम्हाला संशय नव्हता आला?"

इथे सगळं त्याच्या जिभेवर होतं. 'नाही' म्हटलं की तो फसवला गेलेला माणूस. वजन उतरलं की लगेच दोरीवर परत. 'हो' म्हटलं, तर संशय येऊनही वर गेला म्हणून दोरीवर चढायचा परवानाच अडकणार. आजोबा जमिनीकडे बघत होते. मुकादम पालकडे बघत होता, थोडासा हसून.

"आला होता," पाल म्हणाला. "पट्टा पुढे गेला होता. मी यांना विचारलं, काटा बरोबर आहे का. हे म्हणाले, काटा बघ. मी बघितला. मला तोच आकडा हवा होता, बाई."

"कधी विचारलंत?"

त्याने आठवडा सांगितला. बाईंनी वही उघडली. त्या आठवड्याचा सोमवार काढला, मग आधीचे दोन, मग नंतरचा. प्रत्येक पानावर तीच ओळ, तीच सही.

"म्हणजे यांनी विचारलं तेव्हाही आणि त्याच्या पुढच्या सोमवारीही तुम्ही शून्य तपासलंत," त्या मुकादमाला म्हणाल्या. "चार सोमवार."

"हो, नियमाप्रमाणे. दर सोमवारी."

"कुठे बघितलंत? शून्यावर तर कागद होता."

मुकादमाने वहीकडे हात नेला. बाईंनी ती मिटून आपल्या पिशवीत टाकली.

मुकादम गेला. त्याच्या जागी दुसरा आला, तोही चांगला निघेलच असं मी लिहून देत नाही. माझं शून्य पितळी वजनांनी पुन्हा लावलं गेलं आणि स्क्रूवर शिशाचं सील बसलं. पालचा परवाना महिनाभर अडकला. त्यानंतरही पंच्याऐंशी भरेपर्यंत जमिनीवर. आता तो खाली उभा राहून आजोबांची दोरी धरतो, मान वर करून.

ताईचं दुकान सुरू झालंय. डेट्रॉईटच विकते ती. भावाला रविवारी एकच तुकडा मिळतो, तोही कोपऱ्याचा नाही.

तुमच्याही घरी पलंगाखाली नाहीतर न्हाणीघरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला शिव्या घाला, लाथ मारा, महिनाभर तोंड दाखवू नका, चालेल. पण तो गोड बोलायला लागला की आधी त्याचं शून्य बघा. आणि तुम्हाला हवा तोच आकडा कुणी आपणहून काढून देत असेल, तर तो माणूस मैत्रीखातर आलाय असं धरून चालू नका.

पाल आता सोमवारची वाट बघत नाही. रोज सकाळी जिने चढून येतो, श्वास जागेवर येऊ देतो आणि माझ्यावर उभा राहतो. पोट आत ओढत नाही. आज साडेशहाऐंशी. तो काट्याकडे बराच वेळ बघत राहिला. खिडकीतून वरची दोरी दिसत होती.

दीड किलो बाकी आहे. मी त्यातला एक ग्रॅमही सोडणार नाही.