जमुनाचा हात लागलेला माठ

माठ आहे मी, फुलचूरच्या बिडी कारखान्यातला. ऐकायचं तर नीट बसा, नाहीतर पाणी प्या आणि चालू पडा.

माझी माती नागऱ्याच्या तळ्याची. तिच्यात गुरं बसली, पोरं लोळली, गावभरच्या बाया पाय धुऊन गेल्या. कुंभारानं ती तुडवली, चाकावर फिरवली, आव्यात भाजली. मुकादम दुलीचंदनं मला बाजारातून आणून पडवीत वाळूवर बसवलं आणि त्या क्षणापासून मी सोवळा! माणसांचं डोकं असं चालतं.

इंग्रजांचं राज्य होतं. पडवीत बायांच्या दोन ओळी. एक वरच्या टोल्याची, म्हणजे सवर्णांच्या वस्तीची, दुसरी महारवाड्याची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा. बिड्या मात्र सगळ्यांच्या एकाच ढिगात पडत. महारवाड्यातल्या बाईनं मला शिवायचं नाही. शिवली तर मला फोडायचं. तहान लागली की तिनं ओंजळ धरायची आणि वरच्या टोल्याच्या अनुसयाबाईनं लोट्यानं पाणी ओतायचं.

ही अनुसया मुद्दाम उंचावरून ओती. अर्धं पाणी कोपरावरून गळून जाई. घरी सासू तिला उष्टं वाढायची, हे तिच्याच तोंडून ऐकलंय मी. सासूपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती. मग तो राग निघे परक्या ओंजळीवर.

वैशाखातली दुपार. महारवाड्याच्या जमुनाबाईचा घसा सुकला.

"अनुसयाबाई, पानी घाला वो."

"काम करून राहिली ना मी? थांब."

थोड्या वेळानं जमुनानं पुन्हा मागितलं.

"कायची घाई वो? मरून राहिली का?"

जमुना उठली. सरळ माझ्याजवळ आली, लोटा बुडवला आणि गटागटा प्याली.

मी म्हटलं, संपलो. पडवीत एकच गलका. दुलीचंद धावत आला. हातात दगड, तोंडात बिडी.

"बाटवला माठ! काऊन हात लावला वो?"

जमुनानं पदरानं तोंड पुसलं. "फोडा ना, मुकादम. पन पयले तोंडातली बिडी थुका. माह्या हातची हाये."

त्यानं बिडी थुंकली. ढिगातून दुसरी उचलली.

"तेबी माहीच असन."

तीही फेकली. तिसरी उलटी केली, सुलटी केली, हुंगली. बिडीवर काय जात लिहिलेली असते?

"वयखा ना कोनाच्या हातची ते," जमुना म्हणाली. "वयखली तर मीच फोडीन माठ."

दुलीचंद घामाघूम. बिडीशिवाय त्याचं घडीभर चालत नसे. आणि पहिली हसली कोण? अनुसया!

"मुकादम, आता बिडी सोडा, नाहीतर माठ सोडा!"

दोन्ही ओळी फिस्सकन फुटल्या. हसताहसता अनुसयाला ठसका लागला. ती माझ्यापाशी आली, घुटमळली. मग तोच लोटा भरून प्याली.

"थंड हाये ना?" जमुनानं विचारलं.

"हाये वो," अनुसया म्हणाली.

मग एकेक बाई उठली. दुलीचंदनं दगड खाली टाकला आणि आपल्याच दगडावर बसून हातातली बिडी पेटवली. जिंकलो!

आता तहान लागेल ती बाई आपल्या हातानं पाणी घेते. माझं बूड झिरपतं, पाणी पहिल्यासारखं गार होत नाही. म्हातारा झालो म्हणून खुशाल फोडा. पण कोणाचा हात लागला म्हणून फोडायला आलात, तर जरा बाजूला उभे राहा. जमुनाबाई पाणी पिऊन राहिली आहे.