डाव्या दारावरचा शब्द

माझ्या डाव्या दारावर एक शब्द कोरलेला आहे. किल्लीनं कोरला की खिळ्यानं, ते मला सांगता येणार नाही. अंधार होता आणि मला नुसती जळजळ आठवते. येणारे-जाणारे तो शब्द वाचतात, मग आत कोण बसलंय ते वाकून बघतात. शब्द आहे ‘चोर’. मित्रांनो, तेवढं वाचून पुढे जाऊ नका. मी एक जुनी, लहानखुरी, निळी मोटार आहे आणि मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे.

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडे, नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथे फार गोंगाट होता. पण अगदी शेवटी एका शांत खोलीत एक बाई हातात मऊ फडकं घेऊन उभी होती. तिनं माझं हेच डावं दार पुसलं, दिव्याखाली मान तिरकी करून न्याहाळलं आणि म्हणाली, “एक ओरखडा नाही.” माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

मला ब्रॅम्स्डेन गावच्या आयरीन हॅवर्थबाईंनी घेतलं. डोंगरउतारावरचं हे गाव एके काळी सूतगिरण्यांचं होतं. आता गिरण्यांची धुराडी आहेत, खाली काम नाही. आयरीनबाई शाळेच्या कचेरीत होत्या. नवरा गेल्यानंतर स्वतःच्या पसंतीनं घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे मी, असं त्या हसून सांगत. त्यांची लेक हेदर तेव्हा लहान होती. रविवारी आजीकडून परतताना ती मागच्या सीटवर झोपून जाई. घर आलं तरी आयरीनबाई थांबत नसत. गावाबाहेरच्या मोठ्या तलावाला आणखी एक फेरी मारत, गचका न देता, वळणं अलगद घेत. का, तर पोरीची झोप मोडू नये. हळू चालणं म्हणजे काय, ते मी त्या फेऱ्यांमध्ये शिकले. माझ्या सीटच्या फटीत त्या काळातल्या बिस्किटांचा चुरा अजून सापडेल.

निवडणूक आली की आयरीनबाईंना आणखी एक काम असे. उताराच्या पायथ्याशी असलेल्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, दालनात मतदान व्हायचं आणि त्या तिथल्या प्रमुख. भल्या सकाळी डबा, चहाचा थर्मास आणि टोकदार पेन्सिली घेऊन आम्ही निघायचो. रात्री दहाला मतदान संपलं की पेटीला सील लागे आणि ती काळी पेटी मोजणीच्या ठिकाणी पोचवायची ती आयरीनबाईंनीच, स्वतःच्या मोटारीतून. आमच्या इंग्लंडात हे असंच चालत आलंय. गावोगावचे मतदान-प्रमुख त्या रात्री आपापल्या गाडीत पेटी घालून निघतात.

पहिल्यांदा त्यांनी पेटी माझ्या पुढच्या डाव्या सीटवर ठेवली, तेव्हा मी ओरडायला लागले. त्या सीटवर वजन आलं आणि पट्टा लावलेला नसला, की मी टिंगटिंग करत राहते. माझी घडणच तशी आहे. “बरं बाई,” आयरीनबाई म्हणाल्या, “तिलाही लावते पट्टा.” तेव्हापासून दर खेपेला पेटीला पट्टा. वाटेत त्या दूध घ्यायलासुद्धा थांबत नसत. पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवत. हेदर झोपलेली असताना जशा चालवायच्या, अगदी तशाच चालवत.

वर्षं गेली. हेदर मँचेस्टरला नोकरीला गेली. गावातला पोहण्याचा तलाव बंद झाला. इस्पितळाचा कर्करोगाचा विभाग डोंगरापलीकडच्या शहरात गेला आणि मागोमाग तिकडे जाणारी बस बंद झाली. दर निवडणुकीला कोणी ना कोणी दारात येऊन बस पुन्हा सुरू करायचं वचन देऊन जाई.

आमच्या समोरच्या घरात डेरेक आणि पॉलीन शॉरॉक राहत. डेरेक तीच बस चालवायचा. बस गेली, पाठोपाठ नोकरी गेली, मग डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि गाडी चालवणंही सुटलं. शस्त्रक्रियेसाठी तो कधीचा वाट बघत होता.

“मतं मागायला येतात, आमच्या कुत्र्याचं कौतुक करतात आणि जातात,” तो फाटकात उभा राहून म्हणायचा. “निळ्या पक्षाचे काय, लाल पक्षाचे काय, सगळे एकाच शाळेत शिकलेत. मी नाही जात मत द्यायला. पेन्सिलीनं फुली मारायची म्हणे. पेन्सिल का, सांग ना? खोडायला सोपी म्हणून.”

“मतपत्रिकेची घडी घातली की शाई पसरते म्हणून,” आयरीनबाई म्हणायच्या. “शेजारच्या नावावर डाग पडला की ते मत वाया जातं. तू पेन आण घरून, कोणी अडवणार नाही.”

“तू चांगली आहेस गं. म्हणून तुला सगळे चांगले वाटतात.”

मग पॉलीनला तोच आजार निघाला, ज्याचा विभाग डोंगरापलीकडे गेला होता. आयरीनबाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. दर मंगळवारी आम्ही तिघी जायचो: आयरीनबाई, पॉलीन आणि मी. पॉलीनला पुढची डावी सीट टोचायची, म्हणून तिनं लाल चौकड्यांची एक उशी आणून ठेवली. जाताना त्या दोघी सगळ्या गल्लीची उणीदुणी काढायच्या. येताना पॉलीन डोळे मिटून पडायची आणि आयरीनबाई वळणं अलगद घ्यायच्या.

मे महिन्यात निवडणूक आली. त्या वेळी क्रिकेट क्लबातल्या मतदान केंद्रावर जो प्रमुख होता तो आजारी पडला, म्हणून आयरीनबाईंना चॅपलऐवजी तिथे पाठवलं. दिवसभर पाऊस होता. मतदानाला फारसं कोणी आलं नाही. पूर्वी सील लावताना बघायला दोन्ही पक्षांची माणसं थांबायची. आता कुणाला उत्साह नसतो. दहा वाजून गेल्यावर आयरीनबाई रेनकोटाची टोपी डोक्यावर ओढून पेटी घेऊन बाहेर आल्या. पॉलीनच्या उशीवर त्यांनी पेटी ठेवली आणि पट्टा लावला.

रस्त्यापलीकडे एक माणूस कुत्र्याला घेऊन उभा होता. त्याच्या हातातल्या फोनचा उजेड माझ्यावर पडला.

“बघा,” तो फोनला सांगत होता. “ना पोलीस, ना कोणी. एक बाई आपली मतं स्वतःच्या गाडीत घालून चाललीय. पट्टा लावतेय बघा, आपलं पोर असल्यासारखा. आणि तुम्ही विचारता, काही बदलत का नाही.”

मी तो आवाज ओळखला. मंगळवारी सकाळी पॉलीनला माझ्यात बसवताना ‘सावकाश हं’ म्हणायचा, तोच तो आवाज होता. पण मोटारीला टिंगटिंगपलीकडे बोलता येत नाही. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली निळी गाडी काळी दिसते. त्याची नजर अधू आणि आयरीनबाई चॅपलमध्ये आहेत अशी त्याची खात्री. त्यानं आम्हाला ओळखलं नाही. आम्ही सरळ मोजणीच्या ठिकाणी गेलो. तिथल्या लोकांनी सील तपासून पेटी ताब्यात घेतली आणि आम्ही घरी आलो.

सकाळी डेरेकच्या स्वयंपाकघरात काय झालं, ते मला पुढे पॉलीनच्या तोंडून कळलं. रात्रीच सगळीकडे पाठवलेलं चित्रण दाखवायला त्यानं मोठ्या हौसेनं फोन तिच्यासमोर धरला. किती लोकांनी बघितलंय बघ, म्हणाला. पॉलीननं चहाचा कप खाली ठेवला.

“डेरेक, ती माझी उशी आहे.”

त्यानं लगेच ते चित्रण पुसून टाकलं. पण ते तोवर त्याचं एकट्याचं राहिलं नव्हतं. कुणी माझा नंबर मोठा करून लावला होता, कुणी त्याखाली आयरीनबाईंचं नाव लिहिलं होतं, कुणी त्यांची गल्ली. पेट्या अशाच नेतात, सगळीकडे नेतात, असा खुलासा नगरपालिकेनं केला. तो कोण वाचतो? दुकानासमोर मी उभी असताना दोन बायका माझ्याकडे बघून बोलत होत्या.

“इतकी वर्षं शाळेत होती गं ही.”

“शांत माणसंच अशी निघतात.”

आयरीनबाई दुकानातून पाव न घेताच परत आल्या. त्याच रात्री कोणीतरी माझ्या दारावर तो शब्द कोरला.

दुसऱ्या दिवशी डेरेक पॉलिशचा डबा आणि फडकं घेऊन रस्ता ओलांडून आला. आयरीनबाई किल्ली हातात धरून माझ्यात नुसत्याच बसल्या होत्या. काच खाली होती.

“आयरीन, ते मी काढलं होतं.”

“माहीत आहे. आवाज ओळखला.”

“मला वाटलं, तू चॅपलमध्ये आहेस.”

“म्हणजे दुसरी कुणी असती, तर चाललं असतं?”

डेरेकनं डब्याचं झाकण उघडलं. तो खाली बसला आणि दार घासायला लागला. बराच वेळ घासत होता. आजूबाजूचा रंग चकचकीत झाला आणि मधला शब्द आणखी ठसठशीत दिसायला लागला. आयरीनबाई घरात गेल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या. एक त्याच्याजवळ पायरीवर ठेवला. मंगळवारी आम्ही नेहमीसारख्याच इस्पितळात गेलो. पॉलीननं ते दार उघडताना शब्दावर तळवा ठेवला, दुखऱ्या जागेवर ठेवतात तसा.

जुलैत पुन्हा निवडणूक लागली, या वेळी सगळ्या देशाची. आयरीनबाईंना मतदानाच्या कामासाठी फोन आला तेव्हा त्या माझ्याशेजारीच उभ्या होत्या. “नको,” त्या म्हणाल्या. “नाही, मी नाही. आणि माझ्या गाडीनं तर नकोच.” झालेला प्रकार बघून चॅपलसाठी दुसरं कोणी तयार झालं नाही. आमच्या गल्लीचं मतदान डोंगरापलीकडच्या क्रीडागृहात गेलं, जिथे जायला बस नव्हती.

पॉलीननं आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं. “ओळखपत्र म्हणून बसचा पास चालत नाही म्हणे,” डेरेक फाटकातून म्हणाला.

“चालतो,” आयरीनबाई म्हणाल्या. “फोटो आहे ना त्यावर.”

“बस चालत नाही, पास चालतो,” पॉलीन म्हणाली. तिघंही हसले. कित्येक आठवड्यांनी हसले.

आम्ही गेलो. क्रीडागृहाच्या आवारात गर्दी होती आणि भिंतीला लागून उभं राहायला जागा नव्हती. माझं डावं दार सगळ्यांसमोर उघडं पडलं. आयरीनबाई पॉलीनला धरून आत घेऊन गेल्या. डेरेक बाहेर राहिला. तो माझ्या दाराला पाठ लावून, हात थोडे पसरून उभा राहिला. दोन तरुण फोन काढून जवळ आले.

“काका, सरका ना जरा. ती तीच गाडी आहे.”

“कुठली?”

“मतं चोरणारी. आमच्याकडे आहे तिचं चित्रण.”

“ते मी काढलेलं आहे,” डेरेक म्हणाला. “खोटं आहे ते.”

“काहीतरीच काय काका, दिसतंय की स्वच्छ.”

डेरेक पहिल्यापासून सगळं सांगायला लागला: सील, पेटी, पट्टा, उशी. त्यांनी अर्धं ऐकलं आणि हसत निघून गेले. तो मात्र उन्हात तसाच उभा राहिला. त्याची पाठ मला जाणवत होती.

त्या दोघी परत आल्या. आयरीनबाईंनी पॉलीनला बसवलं, तिचा पट्टा लावला आणि दार बंद केलं.

“आता तू जा, डेरेक.”

“मी इथेच बरा आहे. कुणीतरी थांबायला हवं.”

“मी थांबते.” त्यांनी त्याला हातानं बाजूला केलं आणि स्वतः त्या शब्दाला पाठ लावून उभ्या राहिल्या. “जा. कुणालाही दे, पण दे.”

तो गेला. परत आला तेव्हा त्यानं क्रीडागृहाच्या दाराकडे वळून बघितलं. मग म्हणाला, “इथली पेटी कोण नेणार?”

“असेल कुणीतरी. आपल्यासारखंच.”

“स्वतःच्या गाडीनं?”

“हो.”

“पट्टा लावेल ना?”

“न लावून सांगतो कुणाला,” आयरीनबाई म्हणाल्या. “गाडी ओरडते.”

मित्रांनो, पॉलीन ऑक्टोबरात गेली. तिच्या शेवटच्या मंगळवारी येताना आयरीनबाईंनी तलावाला एक फेरी जास्त मारली. पॉलीन झोपली होती.

परवा माझी वार्षिक तपासणी झाली. मेकॅनिकनं माझं डावं दार नखानं टोकरलं, तर रंगाचा पापुद्रा निघून आला. “गंज इथूनच शिरलाय,” तो त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाला. “वरून कळत नाही, पण आत लांबपर्यंत गेलाय.” पुढच्या तपासणीत मी उतरेन, असं त्याला वाटत नाही. आयरीनबाईंना या मे महिन्यातही मतदानाच्या कामासाठी फोन आला होता. त्यांनी या वेळीही नको म्हटलं. डेरेकच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. तो अजून भेटेल त्याला ती गोष्ट समजावून सांगतो. बहुतेक लोक घड्याळ बघतात.

माझं एवढंच मागणं आहे. तुम्हाला राग आला तर जरूर या, खुशाल दार वाजवा. बस का नाही, इस्पितळ का नाही, असं चारचौघांत विचारा. पण अंधारात काही दिसलं, तर ते गावभर पाठवण्याआधी रस्ता ओलांडून जवळ या. ‘काय नेताय, बाई?’ एवढंच विचारा. आयरीनबाईंनी टोपी मागे सारून सांगितलं असतं. चहाही दिला असता.

माझ्या पुढच्या सीटवर लाल चौकड्यांची उशी अजून आहे. आयरीनबाई ती हलवू देत नाहीत. उशीला काही वजन नसतं, त्यामुळे मी आता ओरडत नाही.