खरा शांताराम कशावरून?

रविवारी जेवणं झाली की पेडण्यात फक्त पंखे जागे असतात. त्या रविवारीही पप्पा कदेलाच्या पाठीला टेकून बसल्या बसल्या घोरत होते, आणि मी दहावीचं विज्ञान मांडीवर घेऊन जनेलातून बाहेर बघत होते. (अभ्यासच करत होते, पण बाहेरून.) तेवढ्यात पप्पांचा लॅपटॉप टुंग टुंग करून ओरडायला लागला.

"पप्पा! राखणदार!"

पप्पा असे उठले की चष्मा एकीकडे आणि ते एकीकडे.

आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. हातात दांडा घेऊन तो शीव फिरतो म्हणतात. पप्पांचा राखणदार कॉम्प्युटरातला. पप्पा पणजीत एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं सगळं बघतात, आणि खात्याचे कागद आता क्लाउडवर असतात. म्हणजे ढगात नव्हे हां, आई अजून पाऊस आला की काळजीने विचारते! दुसऱ्याच्या मोठमोठ्या कॉम्प्युटरांवर भाड्याने घेतलेली जागा असते ती. त्या जागेत कुठली खोली उघडी राहिली, कुणाच्या हाती नको ती चावी गेली, यावर नजर ठेवणारं एक टूल खात्याने घेतलंय. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, म्हणून ऑफिसात सगळे त्याला राखणदारच म्हणतात.

हा राखणदार ओरडतो, पण स्वतः कशाला हात लावत नाही. दार लावायला दोन माणसं लागतात. खात्यातला एक मागणी करतो आणि हे सगळं सांभाळणाऱ्या कंपनीतला एक मंजुरी देतो. एकट्याने भलतंच काही बंद केलं तर खात्याची साईटच झोपेल, म्हणून हा नियम.

पप्पा पुटपुटत वाचायला लागले. "शिष्यवृत्तीचे दाखले... सगळ्यांना खुले... अरे देवा! साईटचं काम करणाऱ्या कुणीतरी तपासायला म्हणून फोल्डर उघडलं आणि तसंच टाकून गेला."

"म्हणजे कुणीही बघू शकतं?"

"लिंक सापडली तर कुणीही. तू हांगा बघू नको गो, हे तुझं काम नव्हे."

मी मान फिरवली, पण माझे कान तिकडेच होते. कारण त्या फोल्डरात कोमल होती.

कोमल माझ्या बाकावर बसते. तिचे बाबा सावंतवाडीकडचे, मोपाच्या विमानतळावर ट्रक चालवतात. शिष्यवृत्तीसाठी तिचे कागद शाळेच्या कॉम्प्युटरवर मीच चढवले होते, आणि त्यात डॉक्टरांचा दाखला होता, की तिला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. शाळेत हे फक्त मला माहीत आहे. सर "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून ओरडतात, तेव्हा ती खाली मान घालून ऐकून घेते, पण सांगत नाही. एकदा मी सांगायला उठले तर तिने माझा हात असा दाबला की कळ आली.

"पप्पा, लवकर बंद करा ना!"

"मागणी टाकली. आता कंपनीचा निलेश मंजूर करील..." आणि पप्पांचा हात थांबला. निलेश स्वतःच्या लग्नासाठी रजेवर होता. त्याच्या जागी पडद्यावर दुसरं नाव आलं होतं. गोकुळदास.

पप्पा लॅपटॉपकडे बघत राहिले. स्वयंपाकघराच्या दारात आई आली, तिने पण नाव वाचलं.

"फोन करावा लागतो ना?" मी विचारलं. मंजुरीआधी बोलून खात्री करून घ्यायची असते, हे मला माहीत होतं.

"करावा लागतो."

"मग करा!"

"निलेशलाच करून बघतो."

"त्याला कसला करता?" आई म्हणाली. "हळद लागली असेल त्याला. गोकुळदासाला लावा. तो काय खातो तुम्हाला?"

गोकुळदासकाका पाळी गावचे. पूर्वी तेही पप्पांच्याच ऑफिसात होते, मग कंपनीत गेले. दोघं जिवाभावाचे दोस्त, आणि जत्रेच्या नाटकात दोघांचं काम ठरलेलं. मी लहान असताना पाळीच्या जत्रेत एक ऐतिहासिक नाटक होतं. पप्पा राजा आणि काका त्याचा सेनापती. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात काका आपलं वाक्य विसरले. पप्पांनी सिंहासनावरून त्यांना ते सांगितलं. मदत म्हणूनच. पण समोर माइक होता! राजाच सेनापतीचं वाक्य बोलला आणि अख्खा मांडव हसत सुटला. नंतर पाळीची पोरं रस्त्यात काकांच्या मागून ते वाक्य ओरडायची. काकांनी पप्पांशी बोलणं टाकलं. पप्पा चारदा त्यांच्या दारात जाऊन परत आले. दोघांपैकी कुणीच पुन्हा तोंडाला रंग लावला नाही.

"पप्पा," मी म्हटलं, "आतमध्ये पोरांचे दाखले आहेत."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग फोन लावला, स्पीकरवर ठेवून माझ्या हातात दिला, आणि स्वतः दोन्ही हात लॅपटॉपवर ठेवले.

"हॅलो."

"शांताराम बोलतोय. खात्यातून."

पलीकडे माणसांचा गलका होता, पोरं, भांडी, कुणाचं तरी हसणं. रविवारची माणसं जमलेली असणार.

"मागणी बघितली," काका म्हणाले. आवाज अगदी कोरडा. "पण नुसत्या आवाजावर मी मंजुरी देत नाही. हल्ली कुणाचाही आवाज काढतात. तू खरा शांताराम कशावरून? कागदावर कुठेच नाही असं काहीतरी विचारायचं, असा नियम आलाय."

"विचार."

"त्या दिवशी मी काय विसरलो होतो?"

पप्पांनी डोळे मिटले.

त्यांना ते वाक्य येतं! मला पक्कं माहीत आहे, कारण नळ सोडून अंघोळ करताना ते अजून म्हणतात, आम्हाला ऐकू जात नाही असं समजून. मी ओठांनीच म्हटलं, सांगा ना. त्यांनी मान हलवली.

"काय मरे? येत नाही?"

"येतं."

"मग?"

"तुझ्याकडे माणसं आहेत, गोकुळदास."

पलीकडून कुणीतरी विचारलं, "कोणाचा फोन?" पडद्यावर राखणदाराची धोक्याची लाल पट्टी तशीच होती. मला ओरडावंसं वाटत होतं की नाटक राहू दे, कोमलचा दाखला उघड्यावर पडलाय!

तेव्हा पप्पा फोनकडे वाकले. विंगेतून सांगतात ना, तसं, ज्याला हवं त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "महाराज, या हातांनी..."

आणि थांबले. पुढचं बोललेच नाहीत. नुसते वाट बघत राहिले.

मला वाटलं, फोन कट झाला.

"महाराज," काकांचा आवाज आला. आधी बसका, मग हळूहळू भरत गेलेला. "या हातांनी तुमची पालखी उचलली. त्यांना तलवार उचलायला लावू नका."

मागचा गलका एकदम बंद पडला होता.

"मंजूर," काका म्हणाले.

पप्पांनी बटण दाबलं. लाल पट्टी गेली, हिरवी आली, आणि मी उडीच मारली, फोन हातातून पडता पडता राहिला. फोल्डर बंद! लिंक ज्याला सापडेल त्याला आता नुसतं कुलूप दिसणार. त्याआधी कुणी उघडून बघितलं का, ते पप्पांनी लगेच तपासलं. कुणीच नाही. मी कोमलला यातलं काही सांगू शकत नव्हते, पण तिला एकदम घट्ट मिठी मारावी असं वाटलं.

फोन मात्र चालूच होता.

"त्या दिवशी इतकं हळू सांगितलं असतंस तर, शांताराम?"

"तुझा चेहरा बघून घाबरलो मरे. माइकचं भानच राहिलं नाही."

"हं."

मी फोन धरून उभी, हात दुखायला लागला तरी खाली घेतला नाही.

"नियम दोघांना आहे," काका अचानक म्हणाले. "मी तरी खरा गोकुळदास कशावरून? विचार तू पण."

पप्पांनी विचार केला. मग म्हणाले, "जेवलास मरे?"

सुरक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न अगदीच फालतू होता! याचं उत्तर कुठलाही चोर देईल. मी हातवारे करून सांगत होते की दुसरा विचारा, पण पप्पा माझ्याकडे बघतच नव्हते.

"नाही अजून," काका म्हणाले, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. "पाहुणे जेवले, मी राहिलोय. तू?"

"मी पण नाही," पप्पा म्हणाले.

"मग ये. ताट झाकून ठेवतो."

"निघालोच," म्हणून पप्पा स्कूटरची चावी शोधायला लागले. आई दारातच उभी होती, आणि तिच्या हातात पप्पांचं खरकटं ताट होतं, माशाच्या काट्यांसकट.