जित्या मामाचा कडू घास

केशरमावशी माकणीहून आली ती एस.टी.तून उतरल्यापासूनच गळा काढत. डोक्यावर भाकरी-पिठल्याची दुरडी, मागं तिचा नवरा हिंमतराव, तोंड पाडून. "माझ्या दादा रं, न सांगता कसा रं गेलास!" असा टाहो फोडत ती भावाच्या अंगणात शिरली. दुरडी खाली ठेवली, ऊर बडवायला हात उचलला, तर समोर दादा. कोंडिबा ढाबळीवर चढून कबुतरांना ज्वारीची कणी टाकत होता.

"कोण गेलं गं?" त्यानं वरूनच विचारलं.

मावशीचा हात वरच्या वर राहिला. "तूच की रं दादा! छापून आलंय म्हणं."

ओसरीवर बसलेल्या मच्छिंद्रनं, कोंडिबाच्या भाच्यानं, आपली पिशवी पाठीमागं सारली. तिच्यात त्याची गोष्ट छापून आलेला दिवाळी अंक होता. सकाळीच तो ढोकीहून आला होता आणि जेवणं झाली की मामाला अंक दाखवावा, थोडा भाव खावा, असा त्याचा बेत होता. बेत कसला, माकणीच्या वीरप्पा मास्तरांनी तो केव्हाच उधळून लावला होता. मास्तरांना वाचायची हौस आणि वाचून दाखवायची त्याहून दांडगी. दूध सोसायटीत दूध घालायला आलेल्या लोकांना त्यांनी मच्छिंद्रची गोष्ट खड्या आवाजात ऐकवली. नळदुर्गच्या अलीकडचा, सडकेकडेचा, कबुतरं पाळणारा कोंडिबा गेला, असं त्यात होतं. ऐकणाऱ्यातला एकजण घागर रिकामी करून थेट केशरमावशीच्या दारात गेला. आता ठिकाण बरोबर, माणसाचं नाव बरोबर, कबुतरं बरोबर आणि वर छापलेलं. छापलेल्यावर कोण शंका घेणार? मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून मावशीनं कडू घास बांधला आणि पहिली एस.टी. धरली.

गोंधळ ऐकून पुतळाबाई, म्हणजे मच्छिंद्रची मामी, शेळ्या दावणीला बांधून मागच्या अंगानं आली. तिनं दुरडीकडं पाहिलं. न सांगताच तिला सगळं कळलं, आणि तिचा हात आपसूक कपाळाच्या कुंकवाकडं गेला.

"कुणी लिव्हलं?"

सगळे मच्छिंद्रकडं बघायला लागले.

"मामी, ती गोष्ट हाय. खरं न्हवं."

"ह्यास्नी मारलंस?"

"गोष्टीत."

मामी तशीच आत निघून गेली. मामा मात्र ढाबळीवरून खाली उतरला, हात धुतले आणि दुरडीवरचं फडकं बाजूला सारलं. "मेल्याची खोटी खबर आली की आयुष्य वाढतं म्हणत्यात. केशर, ठेचा आणलाय का गं?" स्वतःच्या मरणाचा कडू घास मांडी ठोकून खाणारा माणूस त्या गावानं पहिल्यांदाच पाहिला असेल. हिंमतराव तर अजून घाबरूनच होता. भाकरी देताना तो मामाच्या हाताला हात लागू देत नव्हता.

ही झाली हसायची बाजू. मच्छिंद्रला मात्र त्या दिवसापासून झोप गोड लागेना, कारण मामी त्याच्याशी बोलायची थांबली.

आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आठवायला गेलं तर मामीचाच चेहरा यायचा. तो पोरका होऊन या घरात आला तेव्हा चालताही येत नव्हतं. तेव्हापासून मामीनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. बहात्तरच्या दुष्काळात मामा-मामी सडकेवर खडी फोडायला जात, आणि तिथं मजुरांना खायला मिळालेली सुकडी आधी त्याच्या पुढ्यात येई. आता तो ढोकीच्या साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून होता, वजनाच्या चिठ्ठ्या फाडत होता, तो तिच्याच जिवावर. आणि तीच मामी आता तो सुट्टीला आला की ताट सरकवून द्यायची नि तोंड फिरवायची. निघताना शेंगाचटणीची पुरचुंडी मिळायची, पण मामाच्या हातून. "सावकाश जा" हे दोन शब्द काही मिळायचे नाहीत.

मच्छिंद्र स्वतःलाच शिव्या घालायचा. आधीची कितीतरी वर्षं त्यानं पुण्यातल्या बंगल्यांच्या, वकिलांच्या, पियानो वाजवणाऱ्या मुलींच्या गोष्टी लिहिल्या होत्या. पियानो त्यानं जन्मात पाहिला नव्हता. सगळ्या गोष्टी साभार परत. मग एकदा काट्यावर बैलगाड्यांची रांग लागलेली असताना त्याला मामाची कबुतरं आठवली. दुष्काळात लोक कोंबड्या विकत होते, तेव्हा हा माणूस आपल्या घासातली चिमूटभर सुकडी पाखरांना टाकायचा, त्याला नावं ठेवणाऱ्यांना हसून दाखवायचा. ते मच्छिंद्रनं लिहिलं. आधी नाव बदललं होतं, पण नाव बदललं की माणूस हलेचना. कोंडिबा म्हटलं की उठून चालायला लागायचा, तंबाखू मळायचा, बोलायचा. म्हणून नाव राहिलं. शेवटी खडीच्या ढिगाऱ्यावर त्याला मरण आलं नि कबुतरं वर घिरट्या घालत राहिली. लिहिताना मच्छिंद्र स्वतःच रडला होता आणि आपण फार थोर लिहिलं असं त्याला वाटलं होतं.

आता लेखणी उचलली की मामीचं फिरवलेलं तोंड आडवं यायचं. जिनं भाकरी दिली तिचं कुंकू कागदावर का होईना आपण पुसलं. असलं लिहिणं काय चुलीत घालायचंय? मामी म्हणाली तर लिहिणं सोडायचं, कायमचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

मामाला मात्र मरण चांगलंच मानवलं होतं. लोक मुद्दाम बघायला यायचे, चहा पाजायचे. एका रविवारी कबुतराच्या पंखावरून बोट फिरवत तो म्हणाला, "तू जा, तिला वाचून दाखव. लोकांकडनं ऐकलंय तिनं, तुझ्याकडनं न्हाय."

"मारलेलं परत ऐकवू व्हय, मामा?"

"ऐकव. मला आवडली. मरताना लई झोकात मेलोय म्या."

दिवस कलता मामी शेळ्या घेऊन सडकेच्या मोरीवर, त्या ठेंगण्या पुलावर, बसायची. ती तिची जुनीच सवय. शेळ्या खाली चरायच्या आणि ही कठड्यावर बसून सोलापूर-हैदराबादचे ट्रक बघायची. मच्छिंद्र जाऊन शेजारी बसला. ती सरकली नाही, पण उठलीही नाही. तेवढ्यावर धीर करून त्यानं अंक उघडला आणि वाचायला लागला.

मामी ट्रकांकडं बघत ऐकत होती. ढाबळीचं वर्णन आलं तेव्हा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. सुकडीच्या जागी तिनं एक सुस्कारा सोडला. मरणाची जागा मच्छिंद्रनं भरभर वाचून काढली, पण मामी तशीच बसून होती. अंक मिटला. एक शेळी भलतीकडं निघाली होती, तिला मामीनं हाक घातली. मग कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलली.

"लगीन झालं न्हवतं व्हय त्याचं?"

"आं?"

"ह्या तुझ्या कोंडिबाचं."

"न्हाय. म्हंजे गोष्टीत न्हाय. एकटा माणूस असला की वाचणाऱ्याला जास्त चटका बसतो, मामी."

"मग त्याला भाकर कोण घालायचं? ढाबळ कोण सारवायचं? खडीवर त्याच्या शेजारी हातोडा कोण मारत हुतं? आन् पोटाला चिमटा घेऊन पाखरं पोसतोय म्हणून त्याच्याशी भांडायचं कोण? दोन रोज मी बोलले न्हवते त्यांच्याशी. मग म्याच माझ्या ताटातलं काढून टाकलं पाखरांना."

मच्छिंद्रनं मिटलेला अंक मांडीखाली सारला.

"मारलंस त्याचं काय न्हाय रं," मामी म्हणाली. "पहिल्या दिवशी वाटलं वाईट. पर मरंना का गोष्टीत, घरी तर जिते हाईत, दुप्पट खात्यात. लोक आले, मला सांगून गेले, कोंडिबा असा, कोंडिबा तसा. म्या समद्यास्नी इचारलं, माझं काय लिव्हलंय? कोन काय बोलंना. त्यांना मारलंस, पर मला तर तू जल्मालाच घातलं न्हाईस."

मच्छिंद्रला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. लाज वाटत होती. इतके दिवस त्याला आपलं पाप वाटत होतं एक आणि निघालं भलतंच. चटका बसावा म्हणून त्यानं घरातली बाई पुसून टाकली होती, आणि तीही ही बाई.

एक ट्रक नळदुर्गच्या बाजूनं आला नि मोरी थरथरवत गेला. मामीची मान सवयीनं त्याच्यामागं वळली. त्या वळलेल्या मानेकडं बघता बघता मच्छिंद्रला दुष्काळातल्या संध्याकाळी आठवल्या. हीच मोरी. तो भुकेनं कुरकुर करायला लागला की मामी त्याला इथं घेऊन बसायची. ट्रक आला की म्हणायची, "त्यो बघ, त्यो ड्रायव्हर हैदराबादचा. त्याची बायकू बाळंत झालीय, म्हणून पिटाळतोय." दुसरा आला की, "ह्यो रुसून निघालाय घरनं, बघ कसा भोंगा वाजवतोय." ट्रक दिसेनासा झाला तरी गोष्ट चालूच. ड्रायव्हरला पोर व्हायचं, बारसं व्हायचं, बारशाला जेवण असायचं, आणि त्या जेवणात काय काय होतं ते ऐकता ऐकता मच्छिंद्र झोपून जायचा.

लिहायचं कुठून आलं, असं कारखान्यात लोक त्याला विचारायचे. तो सांगायचा, वाचनानं. किती खोटं बोलत होता तो! ते सगळं या कठड्यावरून आलं होतं.

"मामी," तो नाक पुसत म्हणाला, "तुमची गोष्ट लिव्हायचीय मला. तुमी हो म्हणला तर. न्हाय म्हणला तर आजपासून लिव्हणंच बंद."

"बंद कशाला? हात मोडलाय व्हय?" मामीनं डोळ्याला पदर लावला. "माझं काय लिव्हणार तू? म्या काय कबुतरं पाळल्यात?"

"ड्रायव्हर पाळलेत की तुमी. शंभर-दोनशे तरी असतील."

मामीला आधी कळलं नाही. मग कळलं आणि ती एकदम हसली, तोंडावर पदर घेऊन, अंगभर हसली. खालच्या शेळ्यांनी माना वर केल्या.

हसणं थांबलं तेव्हा सोलापूरच्या बाजूनं आणखी एक ट्रक येत होता. दिवे नुकतेच लागलेले, ताडपत्री एका अंगानं सुटून फडफडत होती.

"सांग," मामी म्हणाली. "कुठं चाललाय त्यो?"

मच्छिंद्र सावरून बसला. आजवर या मोरीवर त्यानं नुसतं ऐकलंच होतं. "हैदराबादला. कांदा भरलाय. ड्रायव्हर पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालाय…"

"थांब," मामीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बायकू हाय का त्याला?"

"हाय की."

"मग तिचं आधी सांग."