चामड्याच्या खणातले अकरा रंधे

बाकाखालचे घमेले मी पायाने पुढे ओढले, तेव्हा आधी वास बाहेर आला आणि त्याच्या मागून झुरळे. त्यानंतर मला रंधे दिसले. वडिलांचे अकरा रंधे, सात लोखंडी आणि चार लाकडी, एकमेकांच्या अंगावर टाकलेले. एकाच्या पात्याची धार दुसऱ्याच्या तळावर टेकलेली. मधल्या फटींत सिगारेटची थोटके, सरसाचे वाळलेले गोळे, अर्धवट खाल्लेला पाव आणि या सगळ्याला एकत्र धरून ठेवणारे काळे, चिकट तेल. लहान रंध्याच्या तोंडात, म्हणजे पाते जिथून बाहेर डोकावते त्या चिरेत, झुरळाची अंडी अडकून बसली होती.

तंत्रनिकेतनात पहिला आठवडाभर आम्हाला एकाही हत्याराने काम करू दिले नव्हते. हत्यार पुसायचे कसे आणि ठेवायचे कसे, एवढेच शिकवले. त्यानंतर एकतीस वर्षे मी ओतशाळेत लाकडी साचे करणाऱ्या विभागाचा प्रमुख होतो. त्या एकतीस वर्षांत माझ्या विभागात कुणी रंधा तळावर उभा ठेवलेला मला आठवत नाही. घमेल्यात टाकणे ही तर कल्पनेपलीकडची गोष्ट. मी रुमाल नाकाला लावला.

धाकटा भाऊ शांतपणे चहा पीत होता. हा सुतारकामाचा कारखाना वडिलांच्या मागे त्याने चालवला, मी नोकरी केली. त्यामुळे रंधे त्याच्याकडे राहिले आणि ते योग्यच होते, असे मी तोपर्यंत समजत होतो.

"दादा, रंधा आहे तो," तो म्हणाला. "नवरी नाही, मखरात बसवायला."

मला बोलावले होते ते भावजयीने. पॉलिशचे सगळे काम तीच करते आणि घरातले कोणते बोलणे कधी काढायचे हेही तीच ठरवते. वाचनालयाने लांब टेबलांचे काम देऊ केले होते. आधी एक टेबल करून दाखवायचे. पसंत पडले तर आणखी आठ. प्रत्येक टेबलाला सहा फळ्या, एकीच्या कडेला दुसरी कड अशी जोडायची, की सांध्यातून उजेड दिसता कामा नये. असे काम कारखान्यात चार वर्षांनी येत होते. मधल्या काळात धाकटा प्लायवूडची कपाटे ठोकत होता आणि रोज थोडा थोडा आंबत चालला होता. हे टेबल हातचे गेले, तर तो कारखाना विकून एखाद्या फर्निचरच्या दुकानात कामाला लागेल, असे तिने मला फोनवर स्पष्ट सांगितले. तसले सांधे यंत्रावर होत नाहीत. त्यांना वडिलांचा लांब रंधा लागतो, हातभर लांबीचा, तळ एका पातळीत असलेला. आणि तो त्या घमेल्याच्या तळाशी होता.

"भाऊजी, त्यांना तुम्हीच काय ते शिस्तीत घ्या," ती म्हणाली होती. "माझं ऐकतात ते फक्त जेवायला बोलावलं की."

मी कामाला लागलो. पहिल्या दिवशी अकराही रंधे सुटे केले, पाती वेगळी, पाचरी वेगळ्या, स्क्रू वेगळ्या डब्यांत. काठीला चिंधी गुंडाळून प्रत्येकाच्या पोटातली घाण उकरली. ती कागदावर पडताना तिचा आवाज येत होता, ओल्या पिठासारखा. एकात उंदराची लेंडकी निघाली. ती पाहून मी बाहेर जाऊन दोनदा चूळ भरली. दुसऱ्या दिवशी सोडा घातलेल्या गरम पाण्याने लोखंड धुतले, मग रॉकेलने, मग पुन्हा सोड्याने. तेलाचा शेवटचा अंशही राहू नये म्हणून बोट फिरवून पाहिले. बोट कोरडे, कुरकुरीत घसरले तेव्हाच थांबलो. लांब रंध्याचा तळ आरशासारखा निघाला, गंजाचा ठिपका नाही. इतक्या नरकात राहूनही असा कसा, याचे मला नवल वाटले. जुन्या लोखंडाचा गुण, असे मी धाकट्याला सांगितले. त्याने खांदे उडवले.

मग कपाट केले. खोलीतले सगळे उपद्व्याप करवतीच्या बाजूला चालतात, म्हणून मी समोरची भिंत निवडली. तिच्यापलीकडे लाँड्री आहे. त्या भिंतीला ओल येते, असे धाकटा एकदा पुटपुटला. मी म्हणालो, भुसा हा खरा शत्रू आहे आणि दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी बसवणार आहे, ओल आत येईल कुठून? कपाटात अकरा तिरपे खण केले. प्रत्येक खणामागे त्या त्या रंध्याची आकृती काळ्या रंगाने रेखली, खाली क्रमांक. शेजारच्या गल्लीत बॅगा शिवणारा आहे. त्याच्याकडचे चामड्याचे मऊ तुकडे आणून प्रत्येक खणाला अस्तर लावले, म्हणजे तळाला ओरखडा नको. रंधे आत बसले तेव्हा ते दृश्य पाहून मला पहिल्यांदा त्या खोलीत मोकळा श्वास घेता आला.

"शवागार झकास झालंय," धाकटा म्हणाला.

भावजयीने विचारले की त्यांना थोडी हवा नको का लागायला. मी तिला लोखंड आणि धूळ यांच्याविषयी दहा मिनिटे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. दाराला कुलूप लावले आणि किल्ली मी माझ्याकडे ठेवली. रंधा हवा असेल तेव्हा मला फोन करायचा, असा नियम केला. धाकट्याने मान डोलावली. तो माझ्यासमोर नेहमी मान डोलावतो. लहानपणी मी त्याला गणित शिकवायचो तेव्हापासूनची सवय.

फळ्या आल्या. पण लाकूड आणल्या दिवशी रंधत नाहीत. त्याला त्या खोलीच्या हवेत मुरू द्यावे लागते. तीन आठवडे फळ्या तशाच ठेवल्या. त्या काळात धाकट्याने यंत्रावर दोन कपाटे उरकली. मला एकदाही फोन आला नाही. शिस्त लागली, असे मी घरी बायकोला सांगितले.

वाचनालयाचा व्यवस्थापक टेबल पाहायला येण्याच्या दहा दिवस आधी आम्ही कपाट उघडले. रबर सुटताना फसकन आवाज झाला आणि आतून जो वास आला तो घमेल्याच्या वासापेक्षा वाईट होता. घमेल्याला निदान तेलाचा वास होता. हा वास मेलेल्या जनावराचा, ओल्या केसांचा होता. चामड्यावर करड्या बुरशीची लव उभी राहिली होती. मी लांब रंधा उचलला, तर अस्तर त्याच्या तळाला चिकटून वर आले, आणि सोलल्यासारखे सुटले. खाली तळ नारिंगी झाला होता. चामड्याची छिद्रे नि छिद्रे त्यावर उमटली होती, जशी एखाद्या रोगट अंगावर पुरळ. माझ्या बोटांना गंजाचा आणि बुरशीचा मिळून एक गिळगिळीत थर लागला. मी हात पँटला पुसला. आयुष्यात मी कधी पँटला हात पुसलेला नाही.

मी ताडकन धाकट्याकडे वळलो. ओल्या हाताने कुणी रंधे ठेवले, असे विचारले. चहा पिऊन तसेच हात, घाम पुसून तसेच हात, ही तुझी जन्माची खोड, असेही बोललो. आणखी बरेच बोललो. धाकटा रंध्याकडे पाहत होता, माझ्याकडे नाही.

पॉलिशचा बोळा हातात धरून भावजय दारात उभी होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "किल्ली तुमच्याकडे होती."

त्यानंतर मला सगळे क्रमाने उमगत गेले, पाठ्यपुस्तकातल्या पायऱ्यांसारखे, फक्त तीन आठवडे उशिरा. घमेल्यातले ते किळसवाणे तेल हाच लोखंडाचा अंगरखा होता आणि ते मी सोड्याने धुऊन काढले. उघडे पडलेले लोखंड मी मीठ आणि रसायने मुरलेल्या चामड्यावर निजवले, ओलसर भिंतीला टेकवले आणि वरून हवाबंद केले. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे ठाऊक असते. ओतशाळेत येणाऱ्या शिकाऊ मुलांना मी हेच शिकवत आलो आहे. मला माझ्या हातांचा वास सहन होईना.

जाड काच बाकावर ठेवून तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि मी लांब रंध्याचा तळ घासायला बसलो. शंभर फेऱ्या, पुसणे, सरळपट्टी लावून पाहणे, पुन्हा शंभर. पहिला दिवस गेला. नारिंगी थर गेला, पण खाली बारीक खड्डे राहिले, शेकडो, काळे. दुसऱ्या दिवशी मी जाड पेपर घेतला. ते खड्डे मला पाहवत नव्हते. वडिलांच्या रंध्याला देवी आल्यासारखे दिसत होते. दुपारपर्यंत माझे मनगट सुजले आणि तरी मी घासत होतो.

धाकट्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"बस, दादा."

मी म्हणालो, अजून खड्डे आहेत.

"राहू देत. खड्ड्यानं लाकडाला काही होत नाही. तू असाच दाबून घासत राहिलास तर तळाची टोकं झिजतील, आणि मग टेबल गेलं."

त्याने सरळपट्टी लावली आणि ती मला न्याहाळायला दिली. तळाच्या दोन्ही टोकांना केसभर उजेड दिसू लागला होता. तो मी पाडला होता, त्या सकाळभरात. मघाशी मी तीच पट्टी लावत होतो. पण माझी नजर खड्ड्यांवर होती.

मी पेपर खाली ठेवला. धाकट्याने तळ मधोमध हलक्या हाताने, मोजून वीस-बावीस फेऱ्या घासला, पट्टी लावली, पुन्हा आठ-दहा. तो मनात मोजत होता. ओठ हलत होते. पात्याची गंजलेली धार त्याने मागे घासून नवी काढली. मग बाकाखालून तेलाने काळीकुट्ट झालेली चिंधी काढली आणि ती तळावरून फिरवली. मी तोंड वळवले नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या दोन फळ्या कडेला कड लावून उभ्या केल्या. भावजयीने मागून दिवा धरला. मी गुडघ्यांवर बसून सांध्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळा नेला. उजेड नव्हता. पुन्हा नेला. नव्हता. तिने विचारले, आता दिवा खाली करू का, माझा हात दुखतोय. धाकट्याने कपाळ पुसले, अर्थात त्याच हाताने, आणि पुढची फळी शिकंज्यात धरली.

व्यवस्थापकाने पूर्ण झालेल्या टेबलावरून नख फिरवले, सांधा त्याला लागला नाही, आणि आठ टेबलांचे काम तिथेच नक्की झाले.

तो गेल्यावर मी कपाट भिंतीवरून उतरवले, दार काढले, चामडे खरवडून जाळायला बाहेर नेले. बाकाच्या वर, करवतीच्या बाजूला, धाकट्याचा हात न ताणता पोहोचेल अशा उंचीवर उघडे खण ठोकले. तिथे भुसा उडतो. सालपटे रंध्यांच्या अंगावर पडतात. ते पाहून आजही माझे नाक आपोआप मुरडते.

दुसऱ्या आठवड्यात गेलो, तर धाकट्याने खणांच्या कोपऱ्यावर धुतलेला शर्ट वाळत घातला होता. टोकांतून पाणी ठिबकत होते, लांब रंध्यापासून वीतभर अंतरावर. मला शिसारी आली. तोंडाशी पुष्कळ काही आले होते.

"ओला आहे," एवढेच म्हणालो.

त्याने पाहिले, शर्ट काढला आणि बाहेर नेऊन दोरीवर टाकला.