कंट्रोलची साखर

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो. बहात्तरच्या दुष्काळात शिरूर कासारजवळच्या एका गावात, सोसायटीच्या रेशन दुकानावर मला टांगलं. पेंटर सोसायटीचं लांबलचक सरकारी नाव रंगवू लागला, तेव्हा चेअरमन मोहनराव म्हणाले, "एवढं कोन वाचतंय बे? मोठ्या अक्षरात कंट्रोल लिही." तेव्हापासून मी कंट्रोल.

शब्द तसा इंग्रजी. अर्थ आवर घालणे, ताब्यात ठेवणे. सरकारनं धान्याच्या भावाला आवर घातला आणि दुकानालाच ते नाव चिकटलं. जीपवाला उतारावर "गाडी कंट्रोल होईना" म्हणे, मास्तर वर्गात "तोंडाला कंट्रोल करा" म्हणत. पण आमच्या गावात कंट्रोल म्हणजे आधी मी, मग बाकीचे! मिलो आली, ती तांबडी ज्वारी, की बाया माझ्याखाली रांग लावून आशेनं वर बघायच्या. मला कोण अभिमान वाटायचा.

बऱ्याच वर्षांनी पाऊस पुन्हा रुसला. गावातला बंकट आणि त्याची बायको रतनबाई ऊस तोडायला कारखान्यावर गेले. मागं राहिली बंकटची म्हातारी आई, मनकर्णाबाई. तिला साखरेचा आजार. ठेच लागून पायाला झालेली जखम भरत नव्हती. तरी ती लंगडत यायची आणि साखर घेऊन जायची.

एकदा दुकान चालवणाऱ्या आसारामनं विचारलंच, "मावशे, पाय लई सुजलाय. गोड कावून खातीस?"

"मनानं न्हाई खात बाबा," ती म्हणाली. "बीडच्या डाक्टरनंच सांगितलंय, साखर कंट्रोलमधी ठेवा. तवापासून किराणावाल्याची बंद केली. लेकरं उसावरून यायच्या आत पाय बरा व्हावा म्हून कंट्रोलचीच खाते."

रांगेतल्या बाया हसल्या. आसाराम हसला नाही. त्यानं मापातली साखर पुन्हा पोत्यात ओतली, दुकानाला कुलूप लावलं आणि मनकर्णाबाईला एसटीत बसवून बीड गाठलं.

पाय वाचला. करंगळी मात्र काढावी लागली. गुढीपाडव्याला बंकट-रतनबाई घरी आले, तेव्हा ती काठी टेकत त्यांना सामोरी गेली. दुकानात आली की म्हणायची, "साखर खाऊ नको, एवढंच डाक्टर बोलला असता, तर मी आईकलं असतं की!"

आता माझा रंग उडालाय, कडा गंजल्यात. मला नवा रंग दिला नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना औषधपाण्याचं काही सांगाल, तेव्हा जवळ बसून विचारा, "काय समजलं, सांगा बरं?" मनकर्णाबाई हट्टी नव्हती, अडाणीपणानंही वागली नव्हती. डॉक्टरांचा शब्द तिनं अगदी मनापासून पाळला होता. म्हणूनच तिचं बोट गेलं.