शिवलेला शेवट

बोलते मी, पण जरा हळू आवाजात. वाचनालयात कुणी मोठ्यानं बोललं की बाई चष्म्याच्या वरून बघतात, आणि त्या नजरेपुढे माझ्यातलं भूतसुद्धा गप्प बसेल.

मी एक कादंबरी आहे. भयकादंबरी. वाचणाऱ्याची पाचावर धारण बसवणं हा माझा धंदा, आणि तो मी आजवर इमानानं केला आहे. माझ्या मुखपृष्ठावर मात्र एक तपकिरी कुत्रा आहे. कान टवकारून असा काही गोड बसलाय, की बघणाऱ्याला वाटावं, आत पिल्लांना आंघोळ कशी घालावी याची माहिती असेल. माझ्या नशिबात पुढे जे काही आलं, ते या कुत्र्याच्या भोळ्या तोंडामुळे.

जन्म माझा छापखान्यातला. ओल्या शाईचा वास, यंत्राचा खडखडाट, मग पानांच्या घड्या, घड्यांना दोरा, पाठीला सरस. आम्हा बहिणींच्या थप्प्या लावणाऱ्या माणसानं सहज म्हणून माझं एक पान उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचत राहिला. त्याचा चहा गार झाला. माझा पहिला वाचक तो. अजून आठवला की ऊर भरून येतो.

तिथून मी या वाचनालयात आले. इथल्या बाई फार शिस्तीच्या. पण नव्या पुस्तकांचा ढीग एवढा होता, की त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, कुत्रा दिसला आणि मला पशुपालनाच्या कपाटात ठेवून दिलं. माझ्या एका बाजूला शेळ्यांचे रोग, दुसऱ्या बाजूला कोंबड्यांचं खाद्य. शेजार वाईट नव्हता, पण बोलायचं काय? एका दूधवाल्यानं मला घरी नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आणून टेबलावर ठेवलं. "बाई, हे जनावरांचं पुस्तक नाही. रात्री गोठ्यात जायची सोय राहिली नाही माझी," म्हणाला. बाईंना वाटलं, तो थट्टा करतोय.

मग एके दिवशी शिवणकाकू आल्या.

वाचनालयासमोरच्या गल्लीत त्यांचं दुकान. एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, गळ्यात टेप, आणि भिंतीभर अर्धवट शिवलेले कपडे. त्यांचा म्हातारा कुत्रा वर्षानुवर्षं मशीनच्या पायाशी झोपायचा. तो नुकताच गेला होता. काकूंनी त्याची वाटी घासूनपुसून माळ्यावर टाकली आणि सगळ्यांना सांगून ठेवलं, की आता पुन्हा कुत्रा नाही. बाईंना त्या म्हणाल्या, "कुत्र्याचं काही आहे का हो वाचायला? दुकान फार गप्प झालंय."

बाईंनी अगदी स्वच्छ मनानं मला त्यांच्या हातात ठेवलं.

आता माझ्यात काय आहे, ते थोडं सांगायला हवं. डोंगरावरचं एक बंद पडलेलं हॉटेल. त्याच्या तळघरात काहीतरी आहे. ते दिसत नाही, पण तुमच्या माणसांच्या आवाजात हाक मारतं. आईच्या आवाजात, लेकीच्या आवाजात. माणसं फसतात आणि खाली उतरतात. फसत नाही तो एकटा कुत्रा. आवाज आला की तो पंजानं जमिनीवर थाप मारतो. एक थाप म्हणजे हा आपला, येऊ दे. दोन म्हणजे दगा आहे. भुंकत नाही, गुरगुरत नाही, नुसती थाप. अहो, ती दुसरी थाप पडायच्या आधी मी पान संपवते ना, तेव्हा माणसं अशी काही श्वास रोखून पान उलटतात, की मलाच गंमत वाटते.

काकूंनी मला मशीनवर टेकवून वाचलं, इस्त्री तापेपर्यंत वाचलं, गिऱ्हाइकाचं माप घेताना टेप तोंडात धरून वाचलं. आणि शेवटाच्या थोडं आधी त्या अशा जागी आल्या, जिथे हॉटेलमालकाची लहान मुलगी तळघरात अडकते आणि कुत्रा तिच्यासाठी पायऱ्या उतरतो. त्याच्या मागे दार बंद होतं. प्रकरण संपतं.

काकूंनी मला मिटलं. मग उठल्या, दाभण काढलं, दुहेरी निळा दोरा ओवला आणि माझी पुढची सगळी पानं कडेनं धावदोरा घालून शिवून टाकली. "मी नाही याला मरताना बघणार," असं म्हणून दात लावून दोरा तोडला.

कुत्रा मरतो, असं त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

काकूंनी मला परत केल्यावर बाईंनी शिवलेली पानं पाहिली आणि कपाळाला हात लावला. तेवढ्यात सलूनवाला तिथे आला. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं. "शिवून टाकावं लागलं, एवढं भयंकर आहे का यात? मला द्या. उसवायचं काम मी घरी करतो." झालं. दोन दिवसांत सलूनमध्ये साबण लावून बसलेली गिऱ्हाइकं ताटकळत आणि हा वस्तरा हातात धरून तळघराच्या पायऱ्या सांगतोय. शेवट मात्र त्यानं कुणाला सांगितला नाही. उलट परत देताना मला पुन्हा शिवून आणलं, वाकडेतिकडे टाके घालून. म्हणाला, "माझी जी धडधड झाली, ती पुढच्याचीही झाली पाहिजे. फुकट कशी मिळेल?"

तिथून रीतच पडली. जो नेईल त्यानं टाके उसवायचे, वाचायचं, आणि पुन्हा शिवून परत करायचं. बाईंनी आधी कपाळावर आठ्या घातल्या, मग स्वतः मला घरी नेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खणात सुई आणि दोऱ्याचं रीळ आलं. मला पशुपालनातून काढून टेबलाशेजारी जागा मिळाली. वर पाटी लागली, की शेवट सांगणाऱ्याला महिनाभर पुस्तक मिळणार नाही.

काय दिवस होते ते! गणिताच्या मास्तरांनी पट्टी लावून समान अंतरावर टाके घातले. डॉक्टरीणबाईंनी जखम शिवावी तशा सुटसुटीत गाठी मारल्या. एका ट्रकवाल्यानं चक्क तारेनं शिवलं, ते उसवताना पुढच्याचं बोट कापलं. लोक मला उशीखाली ठेवायचे, मग घाबरून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचे, मग राहवेना म्हणून पुन्हा उठून आणायचे. नवरा कामावरून आला की बायको दाराआडून विचारायची, "कोण?" तो म्हणायचा, "मीच." ती म्हणायची, "मीच काय, थाप मार." बँकेतले कॅशियर संशयाची नोट दिसली की काउंटरवर बोटानं दोनदा ठोकायचे, आणि रांगेतली अर्धी माणसं हसायची. एका कागदी कुत्र्यानं गावाला असं वळण लावलं.

फक्त शिवणकाकू त्या हसण्यात नव्हत्या. आठवड्याला नवं पुस्तक न्यायला यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. सलूनवाल्यानं एकदा धीर करून तोंड उघडलं, "काकू, तुम्ही एकदा पुढचं..."

"सांगू नका. मला माहितीये काय होतं ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"जीव लावला की तेच होतं."

शेवट न सांगण्याची पाटी समोर होती. सगळे ओठ घट्ट मिटून काकूंकडे बघायचे, आणि काकूंना वाटायचं, बघा, यांनाही रडू येतंय.

आणि इकडे त्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक काळं पिल्लू येऊन बसायला लागलं होतं. एक कान पांढरा, शेपटी वाकडी, आणि अक्कल विचारू नका. स्वतःच्या सावलीला दचकायचं. काकू त्याला उरलंसुरलं घालायच्या, पण उंबऱ्याच्या बाहेर. आत पाय टाकला की "हाड" म्हणायच्या, तेही भिंतीकडे बघून. मला त्यांचा राग नाही आला कधी. पण पाय असते, तर त्यांच्या कानाशी जाऊन मी एवढंच म्हटलं असतं, की बाई गं, निदान वाचून तरी बघ.

एवढ्या उसवाउसवीत माझी हाडं खिळखिळी झाली. पाठ मोडली, घड्या फाटून पानं सुटी झाली. बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. फाटकी पुस्तकं रद्दीत जाणार. बांधणीवाल्यानं तर दुकानच बंद केलंय." मी दुसऱ्यांना घाबरवणारी, पण त्या दिवशी माझीच दातखिळी बसली.

सलूनवाला म्हणाला, "काकूंना द्या. त्यांच्याइतका पक्का हात कुणाचा आहे?"

काकूंनी मला घेतलं. "जगवते मी हिला. पण शेवटची पानं वाचणार नाही, आधीच सांगते."

दुपारची वेळ होती. काकूंनी मला कापायच्या टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून, नुसत्या बोटांनी, शेवटच्या पानांचे टाके उसवले. सुटी पानं न बघताच एकावर एक ठेवून गठ्ठा केला. सगळं नीट चाललं होतं. पण इस्त्रीनं जीव उकडला म्हणून त्यांनी पंखा लावला, आणि शेवटचं सगळं प्रकरण दुकानभर उडालं.

काकू धावल्या. काही पानं मशीनखाली, काही कपड्यांच्या ढिगात, आणि एक तरंगत थेट दाराबाहेर, रस्त्याकडे. तिथे पायरीवर ते पिल्लू होतं. माझ्यातल्या कुत्र्यानं झेप घेऊन ते अलगद पकडलं असतं. यानं तसलं काही केलं नाही. पान समोर पडलं, आणि हा त्यावर बसला. पण उठला नाही, एवढं खरं.

काकूंनी त्याच्या बुडाखालून पान ओढून काढलं. सगळी पानं गोळा करून टेबलावर ठेवली, क्रमानं लावायला आकडे बघितले, आणि थांबल्या. आकडे नव्हतेच. ते छापलेले असतात कडेच्या कोपऱ्यात, आणि तिथेच सगळ्यांनी टाके घातले होते. काकूंचा निळा धावदोरा, मास्तरांचे टाके, ट्रकवाल्याची तार. कोपरे झिजून झिजून गळून गेले होते. आता कुठलं पान आधी नि कुठलं नंतर, हे कळायला एकच मार्ग होता.

"मेले," काकू म्हणाल्या. आणि वाचायला बसल्या.

एक एक पान वाचून त्या खाली ठेवत होत्या, उचलून पुन्हा दुसरीकडे घालत होत्या. मध्येच ओढून घेतल्यासारखा श्वास. कुणीतरी कपडे न्यायला आलं, त्याला हातानंच "उद्या" म्हणून परत पाठवलं. शेवटचं पान संपलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले, मग हसल्या, मग पुन्हा पुसले. त्यावरून काही ताडू नका. माणसं दोन्ही वेळेला दोन्ही करतात.

मग त्या स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरची वाटी काढली. दाराशी येऊन खाली बसल्या. पिल्लू उंबऱ्याबाहेर उभं होतं, "हाड" ऐकायच्या तयारीत, एक पाय उचलून. काकूंनी जमिनीवर थाप मारली.

एक.

त्या ठोंब्याला काय कळणार? ते तसंच उभं. शेवटी काकूच म्हणाल्या, "ये रे आत. किती वाट बघायला लावली मी तुला." आणि चिंध्यांच्या डब्यातलं फडकं घेऊन त्याचे चारही पाय पुसून त्याला आत घेतलं.

तपासणीला मी ताठ पाठीनं उभी होते. नवी कापडी पाठ, पक्का सरस, आणि शेवटच्या पानांवर काकूंचे लाल टाके, नेमके आणि उसवायला सोपे. मुखपृष्ठाच्या आत त्यांनी एक छोटा खिसाही शिवलाय, सुईदोऱ्यासाठी. सलूनवाल्यानं विचारलं, "वाचलंत का मग?" काकूंनी पाटीकडे बोट दाखवलं आणि दुसरं पुस्तक घेऊन निघून गेल्या. बाहेर पिल्लू बाईंच्या चपलेवर झोपलं होतं.

सरस ओला असताना ते माझ्यावर अंग घासून गेलं, त्याचे चार काळे केस माझ्या पाठीत कायमचे चिकटलेत. माझ्यात आता एक हुशार कुत्रा आहे आणि एक खराखुरा.

तुम्ही विचाराल, पायऱ्या उतरलेल्या त्या कुत्र्याचं काय झालं? ते मी सांगायची नाही. बाई चष्म्यावरून बघताहेत. टेबलाशेजारीच आहे मी. या, खिशातली सुई घ्या आणि पहिला टाका तुमच्या हातानं उसवा.